यंत्राच्या पोटात काय शिजले आहे?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्याला केंद्राच्या निधीतून १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यांतले १७ तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राहिले, ४१ खासगी रुग्णालयांना दिले गेले आणि ५५ बीड, उस्मानाबाद, परभणी व हिंगोली जिल्ह्यांकडे रवाना झाले. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे अहवाल आला, त्यात वापरात आणलेली ही सगळी ११३ यंत्रे सदोष असल्याचे म्हटले होते. उरलेली ३७ खोक्यांतून बाहेरही काढलेली नव्हती. केंद्राच्या शपथपत्राचा सूर मात्र वेगळा होता: यंत्रे ठीक आहेत, वापरणाऱ्यांना ती नीट हाताळता आली नाहीत. न्यायालयाने या पवित्र्यावर नाराजी व्यक्त केली.

त्या तक्रारी प्रामुख्याने प्राणवायूच्या दाबाच्या होत्या. त्या सॉफ्टवेअरच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण त्या वादातली एक गोष्ट आजही तशीच आहे. यंत्र बिघडले की कंपनी म्हणते वापरणारा चुकला, वापरणारा म्हणतो यंत्र चुकले, आणि आत काय चालले आहे हे वॉर्डातल्या कोणालाच पाहता येत नाही. परिचारिकेला नाही, डॉक्टरला नाही, जिल्ह्याच्या बायोमेडिकल इंजिनिअरलाही नाही.

आत काय असते? ईसीजीचे साधे यंत्र असेल तर एक छोटी चिप आणि तिला शिकवलेले मोजके काम. पण मॉनिटर, व्हेंटिलेटर, सोनोग्राफी अशा पडदा असलेल्या, नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या यंत्रांत बऱ्याचदा एक पूर्ण संगणक बसलेला असतो आणि त्यावर अनेकदा लिनक्स चालते. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्‌सने सुरू केलेली ही संगणक प्रणाली कोणालाही मोफत वापरता येते, बदलता येते. तिचे मोठे रूप सर्व्हरवर चालते. यंत्रात घालायचे तर ती कापून, छाटून, त्या चिपच्या मापाची करून घ्यावी लागते.

हे शिंप्याचे काम पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या परीने, आपापल्या अंधारात करत असे. २००३ च्या सुमारास ओपनएम्बेडेड नावाचा खुला प्रकल्प उभा राहिला आणि २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने योक्टो प्रकल्प जाहीर केला. (योक्टो म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या चोविसाव्या स्थानावरचा एक. तेव्हा मापनशास्त्रातला तो सर्वांत छोटा उपसर्ग होता.) योक्टो ही स्वतः तयार लिनक्स नव्हे. ज्याला जसे लागेल तसे लिनक्स शिजवून देणारे ते स्वयंपाकघर आहे, आणि तिथली भाषाही स्वयंपाकघराचीच आहे. प्रत्येक घटकाची एक ‘रेसिपी’ असते. त्यात तो घटक कुठून आणायचा, कोणती आवृत्ती घ्यायची, त्यावर काय दुरुस्त्या करायच्या आणि त्याचा परवाना कोणता, हे लिहिलेले असते. रेसिपींचे थर असतात: खाली सर्वांचा सामाईक थर, त्यावर चिप बनवणाऱ्याचा, त्यावर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा. मग ‘बिटबेक’ नावाचा आचारी या सगळ्या चिठ्ठ्या वाचतो, साहित्य आणतो, क्रमाने शिजवतो आणि शेवटी यंत्रात भरायची एकच फाइल हातात देतो. पहिल्या वेळी यात काही तास सहज जातात.

वैद्यकाच्या दृष्टीने यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे शिजवल्यावर मागे राहणारी नोंद. यंत्रात नेमके कोणते घटक आहेत, कोणत्या आवृत्तीचे, याची यादी योक्टो स्वतःच करून देतो. २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत तर ती आंतरराष्ट्रीय नमुन्यात बाहेर पडते. जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषांच्या सूचीशी ती ताडून पाहण्याचीही सोय आहे. शिवाय त्याच चिठ्ठ्या, तेच साहित्य वापरून पुन्हा शिजवले तर बहुतांश घटक अगदी तसेच्या तसे तयार होतात. औषधनिर्मितीत एक बॅच दुसऱ्या बॅचसारखी निघावी म्हणून केवढा खटाटोप असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ही यादी कशाला लागते? एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला. ओपनएसएसएल हा गुप्त संवादासाठी वापरला जाणारा घटक जगभर असंख्य उपकरणांत होता आणि त्याच्या काही आवृत्त्यांतून स्मृतीतली माहिती बाहेर गळत होती. दुरुस्ती लगेच आली. पण ती कुठे कुठे करायची? ज्या रुग्णालयाकडे यादी नाही, त्याला आपल्या पन्नास यंत्रांपैकी कोणत्या पाचांत तो घटक आहे हे कळायला मार्गच नव्हता. एखाद्या औषधाची सदोष बॅच परत मागवायची, पण पाकिटांवर बॅच क्रमांकच छापलेला नाही, अशी ती अवस्था.

अलीकडचे उदाहरण जास्त बोचरे आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने आणि तिथल्या औषध प्रशासनाने एका चिनी बनावटीच्या पेशंट मॉनिटरबद्दल इशारा दिला. खाटेशेजारी नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब दाखवणारे हे यंत्र. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बाहेरचा इंटरनेट पत्ता कायमचा कोरलेला होता. यंत्र रुग्णाची माहिती तिकडे पाठवत होते, आणि तिकडून फाइली आणून यंत्रातल्या फाइली बदलण्याची वाटही उघडी होती. नंतर काही तज्ज्ञांनी हा कट नसून गलथान रचना असल्याचे मत मांडले. खाटेवरच्या माणसाला त्या फरकाने काय मिळते, हा प्रश्नच आहे. ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नव्हती. संशोधकांना यंत्राचे सॉफ्टवेअर उसवून ती शोधावी लागली.

योक्टो वापरले म्हणजे यंत्र सुरक्षित झाले, असा अर्थ कोणी काढू नये. चांगल्या स्वयंपाकघरातही शिळे वाढले जाऊ शकते. योक्टोच्या ज्या आवृत्त्यांना दीर्घकालीन म्हणतात, त्यांची देखभाल चार वर्षे होते. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीची देखभाल एप्रिल २०२४ मध्ये संपली. सरकारी रुग्णालयातला मॉनिटर दहा-बारा वर्षे सहज चालवला जातो. गंगाखेड, जिंतूर, सेलूच्या रुग्णालयांत त्याहून जुने यंत्र दिसले तरी कोणाला नवल वाटणार नाही. म्हणजे यंत्राच्या आयुष्याचा मोठा भाग देखभाल संपलेल्या सॉफ्टवेअरवर जातो. कंपनी नवी आवृत्ती शिजवून देऊ शकते, पण तसे करायला तिला कोणी सांगितलेलेच नसते.

यंत्रे बंद पडून राहणे ही आपल्याकडची जुनी व्यथा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या पाहणीत निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली होती. त्यातूनच २०१५ मध्ये देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि जिल्हा रुग्णालयातली यंत्रे ९५ टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के वेळ चालू राहावीत असे लक्ष्य ठरले. पण ‘चालू’ म्हणजे पडदा उजळला, आकडे दिसले. आतले सॉफ्टवेअर कोणत्या सालचे आहे, हे त्या टक्क्यांत कुठेच बसत नाही.

यावर डॉक्टरांचीच एक हरकत असते आणि ती रास्त आहे. नीट चाललेल्या यंत्राला हात कशाला लावायचा? सिरिंज पंपाचे सॉफ्टवेअर रात्रीतून परस्पर बदलले आणि सकाळी औषधाचा वेग चुकला, तर जबाबदार कोण? म्हणून दुरुस्तीची प्रत्येक पायरी तपासून, चाचणी घेऊन, नोंद ठेवूनच व्हायला हवी. पण नेमके हेच लिहिलेल्या रेसिपीमुळे सोपे होते. एक घटक बदलला, बाकीचे दोनशे तसेच राहिले, हे दाखवता येते. अंधारात शिजवलेल्या यंत्राबाबत कंपनीलाही ते खात्रीने सांगता येत नाही.

दुसरी हरकत कंपन्यांची: घटकांची यादी हे व्यापारी गुपित आहे. अमेरिकेतल्या केरन सँडलर या वकील महिलेला हृदयाच्या आजारामुळे छातीत डिफिब्रिलेटर बसवायचा होता. त्यातले सॉफ्टवेअर पाहायला मिळेल का, असे त्यांनी उत्पादकांना विचारले. नकार मिळाला. पुढे गरोदरपणात त्यांचे हृदय जोरात धडधडले, जे त्या काळात अनेक स्त्रियांना होते. यंत्राने ते धोक्याचे समजून त्यांना विनाकारण झटके दिले. गरोदर स्त्रीचा विचार त्या सॉफ्टवेअरमध्ये पुरेसा झालाच नव्हता. ज्या रुग्णाच्या छातीत यंत्र आहे त्याच्यापासून लपवण्याजोगे गुपित कोणते, याचे उत्तर कंपन्यांनी अजून नीट दिलेले नाही. आणि इथे तर संपूर्ण प्रोग्रामही मागितलेला नाही, फक्त घटकांची नावे आणि आवृत्त्या.

अमेरिकेत २०२३ पासून नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणाला मान्यता हवी असेल तर ही यादी द्यावीच लागते. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, एप्रिल २०२० पासून उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आले, आणि सर्ट-इन या केंद्रीय सायबर संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण सूचना ही सूचना असते. बळ असते ते खरेदीच्या निविदेत. राज्यासाठी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. शेकडो मॉनिटर एकदम घेणाऱ्याने दोन अटी घातल्या, तर निविदा भरणारा निमूट मान्य करेल. एक, प्रत्येक यंत्रासोबत घटकांची यादी. दोन, यंत्र जितकी वर्षे चालेल असे कंपनी सांगते तितकी वर्षे सुरक्षा दुरुस्त्या, देखभाल कराराच्या किमतीतच. योक्टो वापरणाऱ्या कंपनीला पहिल्या अटीचा खर्च जवळजवळ शून्य आहे. दुसरीचा आहे, आणि तो आधीच दिसलेला बरा.

परभणीसारख्या जिल्ह्याला तोपर्यंत थांबायची गरज नाही. रुग्णालयातल्या यंत्रांवर कॅलिब्रेशनचा एक स्टिकर असतो: यंत्राचा क्रमांक, तपासणीची तारीख, पुढची तारीख, सही. त्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायला एक ओळ पुरते. बहुतेक यंत्रे ती सेटिंगच्या पडद्यावर दाखवतात.