फळाचे पाणी आणि ट्रफलची मुदत

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या लहानमोठ्या शहरांतून घरच्या घरी चॉकलेट तयार करून विकणाऱ्या व्यावसायिकांचा, आणि त्यातही भगिनींचा, जो एक लक्षणीय वर्ग उदयास आला आहे, त्याच्या मालाच्या यादीवर नजर टाकली असता आंबा, स्ट्रॉबेरी, संत्रे, अननस ही नावे त्यात हटकून आढळतात. परंतु ज्या खोक्यावर हापूसचे चित्र दिमाखाने छापलेले असते, त्याच खोक्यातील ट्रफलमध्ये हापूसचा शोध घेऊ जाता बहुधा हाती लागतो तो पिवळा रंग आणि इसेन्सच्या बाटलीतले दोन थेंब. ज्या प्रांतात रत्नागिरी-देवगडचा आंबा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरचे संत्रे आणि सिंधुदुर्गाचे कोकम पिकते, आणि यांतील बहुतेकांना भौगोलिक मानांकनाची सरकारी मोहोरही लाभलेली आहे, त्या प्रांतातील चॉकलेट-कारागिराने फळाचे नाव घ्यावे आणि फळ तेवढे वगळावे, ही बाब या मासिकाने दृष्टीआड करावी इतकी क्षुल्लक नाही.

तथापि या प्रकाराला निव्वळ लबाडी ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. ज्यांनी म्हणून एकदा तरी वितळलेल्या चॉकलेटात ताजा आमरस ओतून पाहिला आहे, त्यांना त्या मिश्रणाचा क्षणार्धात होणारा रखरखीत गोळा ठाऊक आहे; ज्यांनी त्यातूनही मार्ग काढून ट्रफल वळले, त्यांना चौथ्या-पाचव्या दिवशी त्यावर उगवलेली बुरशी ठाऊक आहे; आणि ज्याचा माल एकदा ग्राहकाकडून परत आला, त्याने पुढील खेपेस इसेन्सचा आश्रय घेतला, तर त्याची अडचण समजण्यासारखी आहे. इसेन्सकडे लोक वळले ते फळाच्या पाण्याला भिऊन, आणि ही भीती जावयाची तर त्या पाण्याचा हिशेब मांडावयास शिकले पाहिजे, असे आमचे मत आहे.

निव्वळ चॉकलेटमध्ये पाणी जेमतेम एक टक्का असते. कोकोआचे आणि साखरेचे अतिसूक्ष्म कण कोकोआच्या लोण्यात निलंबित असावेत, अशी त्याची घडण. त्यात पाण्याचे चार थेंब पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांस चिकटतात आणि सारा द्रव आखडतो. परंतु हेच पाणी पुरेशा प्रमाणात आले की साखर त्यात विरघळते, स्निग्धांशाचे बारीक गोलक त्या पाकात विखुरले जातात आणि ज्याला आपण गनाश म्हणतो तो मऊ, तुकतुकीत पदार्थ सिद्ध होतो. चमचाभर पाण्याने बिघडणारे चॉकलेट वाटीभर पाण्याने सुधारते, हा वरकरणी विरोधाभास वाटला तरी ट्रफलचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे. आणि फळाचा रस हा, क्रीमप्रमाणेच, त्या पाण्याचा एक पुरवठादार आहे एवढे लक्षात घेतले म्हणजे पुढचा प्रश्न केवळ प्रमाणाचा उरतो.

प्रमाणाचा एक नमुना येथे देतो. शंभर ग्रॅम हापूसच्या रसात सुमारे ८० ग्रॅम पाणी असते. हा रस जसाच्या तसा १५० ग्रॅम पांढऱ्या चॉकलेटात घातला, तर सिद्ध होणाऱ्या मिश्रणात पाण्याचा वाटा जवळजवळ एक-तृतीयांश होतो. असे मिश्रण वळता येत नाही आणि टिकतही नाही. तोच रस पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत ५० ग्रॅमपर्यंत आटवला, तर त्यात पाणी उरते ३० ग्रॅम. त्याच १५० ग्रॅम चॉकलेटात हा आटवलेला रस आणि १५ ग्रॅम लोणी मिसळले असता पाण्याचा वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास येतो, आणि त्याचे गोळे हाताने सुखेनैव वळता येतात. रस आटवण्यापूर्वी आणि आटवल्यानंतर पातेल्यासकट तराजूवर ठेवणे, एवढीच यातली विद्या. अंदाजाने आटवणाऱ्याचा माल एका आठवड्यात दगड आणि दुसऱ्या आठवड्यात लापशी होतो.

येथेच क्रीमविषयी एक सूचना. युरोपीय पुस्तकांतील कृती ज्या क्रीमवर बेतलेल्या असतात तिच्यात सुमारे ३५ टक्के स्निग्धांश असतो, आणि आपल्याकडे पुडक्यांतून सर्रास मिळणाऱ्या क्रीममध्ये तो २५ टक्के असतो. म्हणजे दर शंभर ग्रॅमामागे दहाएक ग्रॅम पाणी अधिक. परदेशी कृती बरहुकूम पाळूनही ट्रफल सैल का पडते, या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी एवढेच आहे.

पाण्याचा वाटा कमी करणे हा एक उपाय झाला. उरलेले पाणी साखरेने बांधून ठेवणे हा दुसरा. शास्त्रज्ञ ज्याला जलसक्रियता म्हणतात, ते माप पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी जंतूंच्या उपयोगी पडण्यास मोकळे आहे हे सांगते. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ धरली, तर ०.८५ च्या खाली बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते, मात्र बुरशी त्याहूनही बऱ्याच खालपर्यंत तग धरते. साखर, ग्लुकोज सिरप, मध ही द्रव्ये पाण्याला जखडून हे माप खाली आणतात. हे सारे ऐकावयास नवे वाटले तरी कोकणातील गृहिणीस यात काही अपूर्व वाटू नये. कारण आंबापोळी आणि फणसपोळी करताना ती पाणी उडवीत आली आहे, साखरांबा आणि मोरांबा करताना ती पाणी बांधीत आली आहे, आणि अमृत कोकमाच्या बरणीत तर फळाच्या पाण्यावर साखरेचा अंमल बसवूनच ते वर्षभर टिकवीत आली आहे. ट्रफलसाठी लागणारे निम्मे ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत असताना आपण ते बाहेर शोधावे, याचे आम्हांस नवल वाटते.

आता फळाफळाचे तारतम्य. आंब्याचा स्वाद मधुर परंतु मृदू असल्यामुळे काळ्या चॉकलेटपुढे त्याचा टिकाव लागत नाही. त्याला पांढरे अथवा दुधाचे चॉकलेटच साजते. याउलट संत्रे, डाळिंब आणि कोकम यांच्या आंबटपणास काळ्या चॉकलेटचा कडवटपणा मानवतो. संत्र्याच्या रसापेक्षा सालीत स्वाद अधिक, आणि तो तैलरूप असल्यामुळे स्निग्ध पदार्थात तत्काळ उतरतो. तेव्हा आतला पांढरा, कडू पापुद्रा वगळून वरची केशरी साल किसावी, कोमट क्रीममध्ये अर्धा तास मुरवावी व गाळावी, म्हणजे रसाचे पाणी टाळूनही संत्रे पुरेपूर मिळते. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि आच लागताच ताज्या फळाचा सुगंध जाऊन मुरंब्याचा उरतो. ज्यांना तो रुचत नाही त्यांनी फळ गोठवून निर्वात यंत्रात वाळवलेली भुकटी वापरावी, ती महाग असली तरी तिच्यात पाणी नसल्यामुळे हिशेब सोपा होतो. कोकमासाठी आगळ घेऊ नये, त्यात मीठ असते. साखरेतले अमृत कोकम आटवून घ्यावे, आणि त्याची आम्लता क्रीम फाडील हे ध्यानात ठेवून क्रीमऐवजी लोणी योजावे. अननसात प्रथिने तोडणारे जे द्रव्य असते ते दुधाच्या पदार्थास कडू करते, म्हणून अननस पूर्ण उकळल्यावाचून क्रीमला लावू नये. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, अर्थात तो आटवता येत नाही. आमच्या मते ते फळ बासुंदीला आणि आइस्क्रीमला सोडून द्यावे, त्याच्या ट्रफलचा हट्ट धरू नये.

मिश्रण करण्याच्या रीतीबद्दल फार विस्तार करण्याचे कारण नाही. गरम रस चिरलेल्या चॉकलेटवर ओतून मिनिटभर थांबावे, नंतर मध्यापासून कडेकडे लहान वर्तुळांत ढवळावे, आणि मिश्रण ४० अंश सेल्सियसच्या आसपास आल्यावरच लोणी घालावे. तूप सुटून मिश्रण फुटलेच, तर घाबरून ते फेकू नये. चमचा-दोन चमचे कोमट दूध घालून पुन्हा ढवळले असता ते बहुधा ताळ्यावर येते, कारण फुटण्याचे कारण पुष्कळदा पाणी अधिक होणे हे नसून कमी पडणे हे असते.

बाहेरील कवचाची बाब मात्र गंभीर आहे. आपल्याकडील बहुतेक घरगुती माल ज्या कंपाउंडमध्ये बुडवला जातो, त्यात कोकोआच्या लोण्याची जागा प्रायः पामच्या बियांच्या घट्ट केलेल्या तेलाने घेतलेली असते. त्याला टेम्परिंग लागत नाही, आणि ज्या मुलखात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो तेथे ते सोयीचे, हे आम्ही मान्य करतो. परंतु हे तेल आणि कोकोआचे लोणी यांचे परस्परांशी जुळत नाही. खऱ्या चॉकलेटच्या गनाशवर कंपाउंडचे कवच चढवले, तर काही दिवसांत दोहोंतील स्निग्धांश एकमेकांत शिरून कवच मऊ पडते व त्यावर पांढुरकी छटा येते. आत खरे चॉकलेट असेल तर बाहेरही खरेच असावे. आणि त्यासाठी टेम्परिंगचे कष्ट पत्करावे. कोकोआच्या लोण्याचे सहा प्रकारचे स्फटिक होतात. त्यांतील पाचव्या प्रकाराचे, म्हणजे ३३-३४ अंशांवर वितळणारे, तेवढे आपल्याला हवे असतात. काळे चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर पूर्ण वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत ढवळत निववून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणले म्हणजे हे स्फटिक मिळतात. दुधाचे व पांढरे चॉकलेट याहून दोन-तीन अंश खाली राखावे. चांगला तापमापक आणि पावसाळ्यात कोरडी, थंड खोली यांवाचून हे काम हाती घेऊ नये. फ्रीजमधून काढलेले ट्रफल दमट हवेत उघडे ठेवले, तर त्यावर दव धरते, साखर विरघळते, आणि ते वाळल्यावर जो खरखरीत पांढरा थर उरतो त्यास कोणताही इलाज नाही.

येथे एक माहिती नमूद करण्याजोगी आहे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयक जो निर्देश जारी केला, त्यात कोकोआच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिज स्निग्ध पदार्थांना ५ टक्क्यांच्या मर्यादेत मुभा दिली, त्यांत आंब्याच्या कोयीतील आणि कोकमाच्या बियांतील स्निग्धांश हे दोन आहेत. ज्या भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांतील याच स्निग्धांशाचा, उपयोग कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी होत आला, ते कोकोआच्या लोण्याहून अधिक उष्णतेवर वितळते, आणि म्हणून उष्ण हवेतील चॉकलेटला ते किंचित ताठपणा देऊ शकते. खाद्य दर्जाच्या भिरंडेलावर आपल्यातील जिज्ञासूंनी प्रयोग करावेत आणि त्यांचे निष्कर्ष आमच्याकडे पाठवावेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर दिलेल्या रीतीने केलेले आंब्याचे ट्रफल झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, फार तर आठ-दहा दिवस राखावे, असे आम्ही सांगू. हे ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो, कारण दुकानात शेजारी ठेवलेल्या विदेशी खोक्यावर कित्येक महिन्यांची मुदत लिहिलेली असते. परंतु ज्या कारखान्याचा माल जहाजातून, गोदामातून आणि वितरकाच्या कपाटातून ग्राहकापर्यंत पोहोचावयाचा असतो, त्याला महिन्यांची मुदत लागते, आणि ती मिळवण्यासाठी त्याला ताज्या फळाचा बहुतेक त्याग करावा लागतो. घरच्या कारागिराचा ग्राहक दोन गल्ल्या पलीकडे राहतो, मागणी नोंदवून माल नेतो आणि चार दिवसांत संपवतो. ज्याला त्या मुदतीची गरजच नाही त्याने तिच्यासाठी फळ गमवावे, हा व्यवहार तोट्याचा आहे. अल्प मुदत हे घरगुती ट्रफलचे खरे भांडवल आहे. मोठा कारखाना जे करूच शकत नाही ते आपण करू शकतो, याची ती खूण आहे.

अर्थात भांडवल म्हटले की त्याचा चोख हिशेब आला. अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ अन्वये घरातून विक्री करणाऱ्यासही नोंदणी आवश्यक आहे, आणि वेष्टनावर घटकांची यादी, तयार केल्याची तारीख व मुदत देणे हे कायद्याचे तसेच नीतीचेही बंधन आहे. कंपाउंड वापरले असेल तर त्याला चॉकलेट म्हणू नये. केवळ स्वादद्रव्य घातले असेल तर तसे लिहावे आणि फळाचे चित्र छापू नये. फळ घालणाऱ्याने त्याचा दर अवश्य अधिक लावावा, आणि अधिक का, हे ग्राहकास निःसंकोच सांगावे. आंबा सरला की आंब्याचे ट्रफल बंद, हिवाळ्यात स्ट्रॉबेरी, संत्र्याच्या बहारात संत्रे, असा ऋतुमानाचा शिरस्ता पाळला तर ग्राहक त्या त्या फळाची वाट पाहू लागेल. आटवलेला रस गोठवून ठेवता येतो, तेव्हा दिवाळीच्या मागणीतही हापूसला जागा राहील.

आमच्या वाचकांस विनंती आहे ती एवढीच, की येत्या हंगामात आपल्या यादीतील निदान एका फळाच्या बाबतीत इसेन्सची बाटली बाजूस ठेवावी, तराजूवर रस आटवावा, आणि खोक्यावर मुदत ठळक अक्षरांत लिहावी.