स्मारकशिला आणि तर्कशास्त्र

वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली, असे वचन वेलिंग्टनच्या नावावर सांगण्याचा प्रघात आहे. परंतु वेलिंग्टन १८५२ साली वारला आणि हे वचन छापून आले ते त्यानंतर! शिवाय त्याने १७८४ साली ही वसतिगृहशाळा सोडली, तेव्हा तेथे सक्तीच्या सांघिक खेळांची शिस्त मुळी नव्हतीच.

पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात ईटनचे अकराशेहून अधिक माजी विद्यार्थी धारातीर्थी पडले. त्यांच्या शौर्याविषयी कोणास शंका? शंका आहे ती त्या नामावलीवरून शाळेची थोरवी सिद्ध करू पाहणाऱ्या तर्काविषयी. तरुण लेफ्टनंट तुकडीच्या अग्रभागी चाले, म्हणून प्रथम तोच पडे. आणि युद्धारंभी तो हुद्दा देताना शाळेचे नाव पाहिले जाई. 'जर्नीज एंड' या नाटकाचा कर्ता आर. सी. शेरिफ १९१४ साली अधिकारीपद मागावयास गेला, तेव्हा त्याची शाळा मान्य यादीत नाही म्हणून त्यास परत धाडण्यात आले. पुढे माणसांची वाण पडली, तेव्हा त्याच शेरिफास अधिकारी केले. १९१७ साली पासेन्डेल येथे तो जखमी झाला. मग शौर्य शाळेच्या भिंतींत होते, की माणसात?

मुलासाठी शाळा निवडणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात धरावे : स्मारकशिला शोकासाठी असते, जाहिरातीसाठी नव्हे. जी शाळा आपल्या मृत विद्यार्थ्यांची संख्या परीक्षेच्या निकालाप्रमाणे मिरविते, ती त्या मुलांस दुसऱ्यांदा खर्ची घालते.