न्याय आणि व्यवहार : हेगच्या पंचांपुढें एक मराठी कैदी

भाऊबंदांचा वाटणीचा तंटा कोर्टांत जाण्यापूर्वीं घरांतील वडील माणसें दोन्ही पक्षांकडून 'चार पंच सांगतील तें मान्य' असें वदवून घेतात. पेशवाईंतही पंचायत बसण्याआधीं वादी-प्रतिवादींची लेखी कबुली घेत व त्या कागदास राजीनामा म्हणत. आज तो शब्द नोकरी सोडण्याच्या अर्जास चिकटला आहे. मूळ अर्थ राजीखुषीचा लेख एवढाच. राष्ट्राराष्ट्रांमधील लवादाचा सारा डोलारा अशाच राजीनाम्यावर उभा असतो. दोन सार्वभौम राष्ट्रांवर हुकूम चालवील असा तिसरा राजा जगांत नाहीं. म्हणून तीं स्वतःच पंच नेमतात, स्वतःच प्रश्न लिहून देतात आणि येईल तें उत्तर स्वीकारण्याचें वचन देतात. यांतील प्रश्न लिहून देण्याचें काम सर्वांत नाजूक होय. तें कसें, हें वाचकांस मोरिया बोटीच्या प्रकरणावरून चांगलें कळेल.

या कामासाठीं हॉलंडमधील हेग शहरीं 'स्थायी लवाद न्यायालय' आहे. १८९९ सालच्या शांतता परिषदेंत त्याचा जन्म झाला. नांव भारदस्त असलें तरी तेथें रोज आसनावर बसणारे न्यायाधीश नाहींत. प्रत्येक सभासद राष्ट्रानें जास्तींत जास्त चार विद्वानांचीं नांवें द्यावयाचीं, त्यांची यादी व एक कचेरी कायम ठेवावयाची, आणि तंटा निघाला म्हणजे त्या यादींतून पंच निवडावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. कार्नेजीच्या देणगींतून बांधलेला शांतिप्रासाद १९१३ सालीं उघडला. त्याआधीं ही कचेरी गांवांतल्या एका साध्या घरांत होती. आपली हकीकत त्या काळची.

विनायक दामोदर सावरकर यांस लंडनमध्यें पकडून १ जुलै १९१० रोजीं मोरिया बोटीनें हिंदुस्थानाकडे रवाना करण्यांत आलें. ७ तारखेस बोट मार्सेय बंदरास लागली. ८ च्या पहांटे सावरकर बोटींतून निसटले, पोहून किनाऱ्यास आले आणि धांवूं लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका जमादारानें त्यांस पकडलें, आणि बोटीवरून उतरलेल्या तिघांच्या साहाय्यानें पुन्हां बोटीवर नेलें. दुसऱ्या दिवशीं बोट सुटली. त्या उडीवर महाराष्ट्रांत पुष्कळ रसभरित लिहिलें गेलें आहे. निवाड्यांत तिला अर्धें वाक्यच मिळालें. कायद्याचें सारें लक्ष त्यानंतरच्या कांहीं मिनिटांवर आहे. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय कैद्यास, हस्तांतराचे कोणतेंही सोपस्कार न करतां, परकीयांच्या हातीं देतां येतें काय?

फ्रान्समधील समाजवादी मंडळींनीं या प्रश्नावर गिल्ला केला. कार्ल मार्क्सचे नातू जां लाँगे हे त्यांत पुढें होते. तेव्हां फ्रेंच सरकारला कैदी परत मागणें भाग पडलें. परंतु १९०४ च्या समझोत्यापासून इंग्लंड व फ्रान्स यांचें सख्य होतें, आणि एका हिंदी कैद्यापायीं तें बिघडावें अशी दोघांचीही इच्छा नव्हती. २५ ऑक्टोबर १९१० रोजीं लवादाचा करार झाला. पंच पांच : अध्यक्ष बेल्जमचे बेर्नार्ट, फ्रान्सचे लुई रेनो, नॉर्वेचे ग्राम, हॉलंडचे साव्होर्निन लोहमन आणि इंग्लंडचे लॉर्ड डेझर्ट. बेर्नार्ट व रेनो हे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. उलट डेझर्ट हे पूर्वीं इंग्लंडांत सरकारी फिर्यादींचे प्रमुख होते. वाटणीच्या पंचायतींत दोन्हीकडचे मामा बसावेत, तशांतलाच हा प्रकार. पण लवादांत तो गैर मानीत नाहींत.

पंचांस प्रश्न एकच घातला होता : आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियमांप्रमाणें ब्रिटिश सरकारनें सावरकरांस फ्रान्सच्या हवालीं परत करावें, कीं करूं नये? अपराध कोणाचा, त्याची भरपाई काय, हें कोणी विचारलेंच नाहीं.

१४ फेब्रुवारी १९११ रोजीं पंच बसले आणि २४ तारखेस निवाडा झाला. ब्रिटिश पोलिसांनीं कपट वा बळजबरी केली नव्हती. बंदोबस्ताविषयीं दोन्ही देशांच्या पोलिसांत आधींच पत्रव्यवहार झाला होता. जमादाराचें कृत्य त्याच्या वरिष्ठांनीं बोट सुटण्यापूर्वीं नाकारलें नाहीं. म्हणून सर्वांनीं सद्भावानें वर्तन केलें, असें पंचांनीं धरलें. कैद्यास पकडून ब्रिटिशांच्या हातीं देण्यांत गैररीत झाली, हेंही त्यांनीं मान्य केलें. परंतु परकीय अधिकाऱ्याच्या अशा चुकीमुळें हातीं आलेला कैदी परत केलाच पाहिजे असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यांत नाहीं, सबब परत करूं नये, असा निर्णय दिला.

गैररीत झाली, पण उपाय नाहीं! या निवाड्यावर तेव्हांपासून कायदेपंडितांनीं टीका केली आहे. आमच्या मतें पंचांच्या एका मुद्द्यांत बळ आहे : कैदी सोंपविणारा हात फ्रान्सचाच होता, तेव्हां फ्रान्सनें तक्रार कोणत्या तोंडानें करावी? परंतु ही फ्रान्सविरुद्धची सबब झाली. आश्रय मागणाऱ्या माणसाविरुद्ध ती कशी चालावी, हें निवाड्यांत कोठें सांगितलेलें नाहीं. सांगणार तरी कसें? सावरकर त्या वादांत पक्षकारच नव्हते. त्यांनीं मुंबईच्या खास न्यायमंडळापुढें फ्रेंच आश्रयाचा हक्क सांगितला, तो तेथें चालला नाहीं. हेगचे पंच बसण्यापूर्वींच, डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्यें, त्यांस दोन जन्मठेपी झाल्या होत्या. त्या न्यायमंडळांत सर नारायण चंदावरकर होते, हेंही येथें नमूद करावयास हवें.

पुढें हा निवाडा वारंवार उकरला गेला. आइकमनला अर्जेंटिनांतून पळवून आणल्यावर जेरुसलेमच्या न्यायालयानें १९६१ सालीं त्याचा विचार केला. उलट १९९३ सालीं ब्रिटनच्याच लॉर्डांच्या सभेनें बेनेट या आरोपीच्या प्रकरणांत असें ठरविलें कीं, हस्तांतराचा कायदा धाब्यावर बसवून आणलेल्या आरोपीचा खटला चालविण्यास न्यायालय नकार देऊं शकतें. मार्सेयच्या धक्क्यापासून येथवर यावयास त्र्याऐंशीं वर्षें लागलीं.

व्यक्तीस मात्र राष्ट्रांच्या वादांत अद्याप आपल्या सरकारच्या तोंडूनच बोलावें लागतें. व्यापारी कंपन्यांचें निराळें : गुंतवणुकीच्या करारांमुळें त्या थेट सरकारास पंचांपुढें खेंचतात, आणि केर्न कंपनीनें २०२० सालीं करप्रकरणीं भारताविरुद्ध जिंकलेला लवाद अनेकांच्या स्मरणांत असेल. कैद्यास ती मुभा नाहीं. २०१७ सालीं कुलभूषण जाधव या दुसऱ्या मराठी माणसाचें नांव हेगमध्यें निघालें, तें लवादापुढें नव्हे तर आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें; आणि वादी भारत होता, जाधव नव्हेत. १७ जुलै २०१९ च्या निर्णयांत पाकिस्ताननें वकिलातीच्या भेटीचा हक्क मोडल्याचें ठरलें. जाधवांस सोडून द्यावें ही भारताची मागणी न्यायालयानें मान्य केली नाहीं. पण १९११ च्या पंचांप्रमाणें तें तेथेंच थांबलें नाहीं : शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोंवर ती अमलांत आणूं नये, असा स्पष्ट आदेश त्यानें दिला.