इंजिन थांबले की पाणी थांबते

वैनगंगेच्या खोऱ्यातील करडीपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. जहाजावर खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी कसे करतात, ही बाब तेथील शेतमजुराला परकी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाणी यंत्रामुळे मिळते की हक्कामुळे, हा प्रश्न त्याच्याही दाराशी उभा आहे. आणि जहाजावर तो अगदी उघड्या स्वरूपात दिसतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी प्यायल्याने तहान भागत नाही, उलट वाढते. म्हणून मोठ्या मालवाहू जहाजांवर पाणी गोडे करणारे यंत्र असते. मुख्य इंजिनाला थंड करताना सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले पाणी या यंत्रात फिरवतात. आतील हवा काढून घेतल्यामुळे समुद्राचे पाणी ४५-५० अंशांनाच उकळते आणि त्याची वाफ थंड होऊन गोडे पाणी साठते. वाया जाणाऱ्या उष्णतेचा हा उत्तम उपयोग आहे. काही जहाजांवर वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाब देऊन पाणी सूक्ष्म पडद्यातून गाळतात. त्यासाठी वीज लागते.

दोन्ही पद्धतींची अट एकच: जहाज चालते असले पाहिजे. इंजिन बंद झाले की उष्णता नाही, डिझेल संपले की वीज नाही. शिवाय एवढ्या कमी उष्णतेत सारे जंतू मरत नसल्याने बंदरालगतच्या गढूळ पाण्यात उष्णतेवरचे हे यंत्र चालवत नाहीत.

आता मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले, तर काय होते ते पाहा. कर्ज थकते, भाडे मिळत नाही, मालक हात झटकतो आणि जहाज नांगरावर अडकून पडते. पगार थांबतो, इंधन संपते आणि त्याबरोबर पाणीही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजांवरील ३,१३३ खलाशांना असे सोडून देण्यात आले. त्यांत सर्वाधिक, ८९९, भारतीय होते. चहूकडे पाणी आणि पिण्यास थेंब नाही, ही त्यांची अवस्था निसर्गाने नव्हे, नफ्याच्या हिशेबाने आणली.

कायदा नाही असे नाही. सागरी श्रम करार २००६ चा आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. दोन महिन्यांचा पगार थकला तरी खलाशाला सोडून दिले असे मानावे आणि अशा प्रसंगासाठी मालकाने आर्थिक हमी ठेवावी, ही तरतूद जानेवारी २०१७ पासून लागू झाली. चांगले पिण्याचे पाणी विनामूल्य मिळावे, हे तर डिसेंबर २०२४ पासून शब्दांत आले. परंतु मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा आणि खलाशी तिसऱ्याचा, अशा व्यवस्थेत जबाबदारी कोणाच्याच गळ्यात पडत नाही.

हे सामर्थ्याअभावी घडते काय? डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीतील पाणी गोडे करण्याचा कारखाना आगीमुळे बंद पडला, तेव्हा भारताने हवाई दलाची विमाने आणि ‘सुकन्या’ व ‘दीपक’ ही नौदलाची जहाजे धाडली. या जहाजांनी पाणी नेले आणि तेथे उभे राहून तयारही केले. शासनाने मनावर घेतले तर पाणी पोहोचते, एवढे यातून सिद्ध झाले.

आपल्या खेड्यांतही हेच दिसते. पंप आहे, टाकी आहे, नळ आहे. परंतु वीजबिल थकले म्हणून योजना बंद पडते आणि बायाबापड्या पुन्हा विहिरीकडे वळतात. यंत्र जागेवर असते, चालवण्याची जबाबदारी मात्र बेवारस असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी हाती घ्याव्यात. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे गावातील तरुणाने पैसे मोजण्यापूर्वीच तपासून द्यावे. आणि मालक पळाला तरी खलाशांचे पाणी व अन्न त्याच दिवसापासून बंदराच्या प्रशासनाने पुरवावे, खर्च नंतर जहाज विकून वसूल करावा, ही मागणी लावून धरावी. वसुलीला वाट पाहता येते. तहानेला येत नाही.