गोचिडाचा धडा शाळेत हवा

पावसाळा लागला की गाईच्या कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली गोचीड लोंबताना दिसतात. घरातले कोणीतरी ते ओढून काढते आणि दगडावर चिरडते. फारच झाले तर दुकानातून औषध आणून गाईच्या अंगावर फवारले जाते. काही आठवड्यांत गोचीड पुन्हा हजर! मग ‘औषधच बोगस होते’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वेळी अंदाजाने मात्रा वाढवली जाते.

अनेकदा औषध बोगस नसते, आपली समजूत अपुरी असते. गाईच्या अंगावर दिसतात तेवढेच गोचीड गोठ्यात नसतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत किंवा गव्हाणीखाली दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. त्यातून निघालेली पिल्ले पुन्हा जनावरावर चढतात. गाय स्वच्छ केली आणि फटी तशाच ठेवल्या, तर हे चक्र थांबणार कसे? सातवीतल्या मुलाला हे फळ्यावर दहा मिनिटांत समजते. दुर्दैवाने, ज्या मुलाच्या घरी गाय आहे त्यालाही आपण हे शाळेत क्वचितच सांगतो.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. प्रत्येक गोठ्यात पशुवैद्यक रोज पोहोचू शकत नाही, पण त्या गोठ्यातले मूल रोज तिथेच असते. चारा टाकणे, पाणी दाखवणे, शेळ्या वळणे ही कामे करणाऱ्या मुलांना आजार ओळखायला शिकवणे हा रोगनियंत्रणाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

शिकवायचे काय? पहिली गोष्ट, पाहणे. शेळी-मेंढीच्या पोटात रक्त पिणारे जंत वाढले की तिच्या खालच्या पापणीची आतली बाजू लालसर न राहता फिकट, पुढे पांढरी पडते. कधी जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. पापणीचा रंग पाहून कोणत्या जनावराला जंतनाशक हवे हे ठरवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाच रंगांचा तक्ता तयार झाला आणि तो अनेक देशांत वापरला जातो. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजण्यापेक्षा गरजूंनाच दिले, तर पैसे वाचतात आणि जंतांमध्ये औषधाला दाद न देण्याची ताकदही सावकाश वाढते.

दुसरी गोष्ट, मोजणे. जंतनाशकाची मात्रा वजनावर ठरते आणि गावात वजनकाटा नसतो. पण टेप असतो. छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा. त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर अंदाजे किलोत येते. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल तर गाय सुमारे २७३ किलोची. गणिताच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण कोणते? ‘नजरेने’ दिलेली कमी मात्रा चिवट जंतांना जगवते, हेही त्याच तासाला सांगता येईल.

तिसरी गोष्ट, नोंद ठेवणे आणि कळवणे. लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस मिळाली का, हे वहीत लिहिलेले हवे. जनावर लाळ गाळू लागले, अंगावर गाठी उठल्या, तर त्याला वेगळे बांधून १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. २०२२ मध्ये लम्पी पसरली तेव्हा गाठींइतक्याच वेगाने दुधाविषयीच्या अफवा पसरल्या. हा आजार माणसाला होत नाही, एवढी साधी माहिती घराघरांत आधीच असती तर ती घबराट टळली असती.

हा प्रश्न केवळ जनावरांचा नाही. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने उचलल्याने तो घरात शिरतो आणि महिनोन् महिने ताप, सांधेदुखी मागे लावतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळख पटलेला माकडताप पुढे गोवा आणि सिंधुदुर्गातही आढळला. तो पसरवणारे गोचीडच. म्हणून गोचीड उघड्या हाताने चिरडायचा नाही, हा धडा मुलाच्या स्वतःच्या आरोग्याचा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, मुलांना डॉक्टर बनवायचे का? अजिबात नाही. सुई आणि फवारणीचे औषध मुलांच्या हाती जाताच कामा नये. त्यांनी पाहायचे, मोजायचे, लिहायचे आणि मोठ्यांना सांगायचे. उपचार पशुवैद्यकानेच करायचे. दुसरा, शिक्षकांवर आधीच कामांचे ओझे आहे. हे खरे आहे. म्हणूनच हा नवा विषय नको. विज्ञान आणि गणिताच्या चालू धड्यांत ही उदाहरणे घालावीत, आणि पशुवैद्यकीय पदविकेच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा जवळच्या शाळेत येऊन प्रात्यक्षिक दाखवावे. शिकवताना त्यांचेही शिक्षण पक्के होईल.

बुळकांडीसारखा भयंकर रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. ते यश लशीचे होते, तसेच गावोगाव लक्षणे ओळखून वेळेत खबर देणाऱ्यांचेही होते. अशी पुढची पिढी आज शाळेच्या बाकावर बसली आहे. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने आधी गाईच्या कानामागे पाहावे, एवढी सवय लावणे आपल्या हातात आहे.