ओढ्याची वहिवाट

कात्रजच्या डोंगरातून उतरून मुठेला मिळणारा आंबील ओढा पुणेकरांच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला असतानाच, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर होऊन त्याने आपली जुनी वहिवाट अकस्मात परत मागितली, आणि त्या मागणीची किंमत अनेकांना प्राणांनी मोजावी लागली. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत याच कात्रजला तलाव बांधून दगडी नळांवाटे शहरात पाणी खेळविले गेले. त्यांच्या लेखी पाणी ही दौलत होती, आमच्या लेखी ती ब्याद आहे.

म्हणूनच आम्ही ओढे झाकतो. पण ओढ्यावर स्लॅब घातला की त्याचे पात्र आकुंचित होते, गाळ व कचरा दृष्टीआड साचत राहतो, आणि काँक्रीटवरून वेगाने धावत आलेल्या पावसाला पसरावयास किंवा मुरावयास जागाच उरत नाही. सोल शहराने २००३ ते २००५ च्या दरम्यान उन्नत महामार्ग पाडून चंग्येचॉनचा प्रवाह उघडा केला, हे उदाहरण मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. परंतु तेथील पाणी बहुतांशी पंपाने आणलेले आहे, आणि अशी शोभा आम्हांस नको. आम्हांस मातीचे काठ हवेत, पुराला पसरण्याइतकी मोकळी जागा हवी.

त्यासाठी ओढ्याचे जुने नकाशे दप्तरांतून बाहेर काढून बांधकामाच्या प्रत्येक दरखास्तीशी ताडून पाहावेत. मात्र काठावरील गरिबांच्या झोपड्या हटविण्यापूर्वी, ओढा गिळून उभ्या राहिलेल्या इमल्यांची मोजणी आधी व्हावी.