किल्ल्या कुणाच्या कमरेला?

आपल्याकडे मराठी पेपर ‘पंतप्रधान’ लिहितो, कन्नड पेपर ‘प्रधानी’. पण पदाचे वजन नावावर ठरत नाही, असे मी वर्गात सांगतो. शाहू महाराज १७४९ मध्ये निवर्तले. गादी साताऱ्यातच राहिली, कारभार मात्र पुण्याच्या पेशव्यांकडे गेला. प्रधान राजाहून वजनदार झाला!

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या झिम्बाब्वेत उलटे घडले. १९८० पासून पंतप्रधान असलेले रॉबर्ट मुगाबे १९८७ मध्ये ते पदच मोडून सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष झाले. २००९ मध्ये विरोधक मॉर्गन त्सवांगिराई पंतप्रधान झाले खरे, पण लष्कर मुगाबेंच्याच हाती! २०१३ मध्ये पदही गेले. सुनेला मालकीण म्हणायचे आणि किल्ल्या सासूच्या कमरेला, तशातली गत.

वाचकहो, पदाच्या नावाला भुलू नका. किल्ल्या कुणाकडे ते पाहा.